मागचा डावा टायर

ती दुपार माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहेत. पण सानपाड्याजवळच्या उड्डाणपुलाच्या उतारावर आडवी पडलेली ती जुनी पिकअप, रस्ताभर सांडलेले बटाटे आणि दुभाजकाला पाठ टेकून बसलेला तिचा चालक, हे सगळं जसंच्या तसं आठवतं. कागदावर ते प्रकरण अगदी साधं होतं. अपघात, एक मयत, चालक जागेवरच सापडलेला, वर गुन्हा कबूल करणारा. असं प्रकरण हातात आलं की तपासी अंमलदाराला बरं वाटतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं, आणि त्याची मला आज लाज वाटते.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. मे महिना, दुपारचे बारा. नियंत्रण कक्षाकडून निरोप आला आणि मी हवालदाराला घेऊन निघालो. पिकअप बाजारातून बटाट्याची पोती भरून सीवूड्सच्या दुकानांकडे चालली होती. उतारावर ती एकदम डावीकडे ओढली गेली, लहरली आणि उलटली. मागे पोत्यांवर एक हमाल बसला होता. तो पोत्यांखाली सापडला. आम्ही पोहोचलो तोवर लोकांनी त्याला बाहेर काढून सावलीत ठेवलं होतं, पण काही उरलं नव्हतं.

चालकाचा एक हात लोंबत होता, कपाळातून रक्त येत होतं. त्याला नाव विचारलं तर त्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, "साहेब, म्या मारलं दादाला. लिवून टाका."

मयत हमाल त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. दोघे साताऱ्याकडचे. थोरला कितीतरी वर्षांपासून बाजारात हमाली करत होता, त्यानेच धाकट्याला गावाहून आणलं, गाडी शिकवली, एका मालकाच्या जुन्या पिकअपवर लावून दिलं. त्या दिवशी धाकट्याला माल उतरवायला माणूस हवा होता, म्हणून थोरला सोबत गेला.

मी पंच बोलावले, रस्त्यावरच्या खुणा मोजल्या, नकाशा काढला. वाहनाच्या वर्णनात लिहिलं, 'मागील डाव्या बाजूचा टायर फुटलेल्या स्थितीत.' एवढंच. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलं होतं की हात आपोआप चालायचा. टायरकडे पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, पण ते एवढ्याचसाठी की तो गुळगुळीत झालाय का. तो गुळगुळीत नव्हता. चक्क नवा होता. नव्या टायरच्या अंगावर रबराची केसांसारखी बारीक टोकं असतात, तीसुद्धा झडली नव्हती. मी मनाशी म्हटलं, टायर नवा आहे, म्हणजे दोष गाडीचा नाही, चालवणाऱ्याचा आहे. चाक आपटलं असेल दुभाजकाला, म्हणून फुटलं असेल.

त्यात एक रिक्षावाला साक्षीदार मिळाला. तो छातीठोकपणे म्हणाला, "गाडी अशी लहरत आली ना साहेब, एक तर डुलकी लागली असणार, नायतर टाकलेली असणार." डोळ्यांनी पाहिलेलं एक वाक्य आणि त्याला स्वतःच्या अकलेची दोन वाक्यं जोडून साक्षीदार बोलतात. आम्ही बहुतेक वेळा तिन्ही लिहून घेतो.

चालकाला महापालिकेच्या रुग्णालयात दाखल केलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. रक्ताचा नमुना घेतला, दाराशी शिपाई बसवला. मयताची बायको तिथेच व्हरांड्यात भिंतीला लागून बसली होती. तिचा जबाब मी तिथेच घेतला.

"त्याला सोडू नका साहेब," ती म्हणाली. "आदल्या दिशी दोघांची वादावादी झाली. ह्ये त्याला म्हणलं, ती जुनी गाडी सोड, न्हाईतर दमानं चालीव. त्यो उलट बोलला. मला म्हणतुया, वहिनी, दादाला सांगा मी लहान न्हाई आता. बघा किती मोठा झाला."

मृतदेह गावी गेला. धाकटा भाऊ अंत्यविधीला जाऊ शकला नाही. त्याने मागितलंही नाही. शिपायाने येऊन सांगितलं की तो जेवत नाही, जामिनाबद्दल विचारलं तर भिंतीकडे तोंड करतो. गुन्हा जामीनपात्र होता, साधा जामीनदार चालला असता, पण जामीनदार आणायला त्याचं माणूसच उरलं नव्हतं. जे होतं ते पोत्यांखाली गेलं होतं.

चौथ्या दिवशी पिकअपच्या मालकाने गाडी परत मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने आमचं म्हणणं मागवलं. मी दोन ओळी लिहिल्या: मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाल्यावर गाडी सुपुर्दनाम्यावर देण्यास हरकत नाही. सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होणार होती, आणि मला ठाऊक आहे तसल्या तपासण्या कशा होतात. ब्रेक चालू, स्टेअरिंग चालू, मागील डावा टायर फुटलेला. माझंच वाक्य दुसऱ्याच्या अक्षरात.

त्या दुपारी पोलीस ठाण्याचा फोन वाजला. योगायोगाने मीच उचलला. पलीकडचा माणूस म्हातारा वाटला. "साहेब, ती बटाट्याची गाडी सोडायच्या आधी मागचे दोन टायर बघा. फुटलेला बघा, आणि शेजारचा पण बघा. दोघांवर काय लिहिलंय ते वाचा." मी नाव विचारलं. फोन बंद.

मी वैतागलो. निनावी फोन आम्हाला पुष्कळ येत, त्यातले निम्मे शेजाऱ्याचा सूड घेण्यासाठी असत. पण हवालदार समोर बसला होता. हा हवालदार दिवाळे गावचा, खाडीकाठचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळीचा धंदा, मासळी न्यायला भावाचा टेम्पो, आणि स्वतः तो कितीतरी वर्षं ठाण्याची जीप चालवत आलेला. त्याने हातातला चहा खाली ठेवला. "बघून तर येऊ सायब. बघायला काय जातंय."

ठाण्याच्या मागच्या आवारात जप्त गाड्या उभ्या असत, त्यांच्यात ती उभी केलेली होती. हवालदार गुडघ्यावर बसला आणि फुटलेल्या टायरची कड त्याने बोटाने पुसली. मग उठून उजवीकडे गेला, तिथलीही कड पुसली. पुन्हा डावीकडे आला. त्याचा चेहरा बदललेला मला दिसला.

"सायब, ह्यो टायर ह्या गाडीचा नाय हाय."

"म्हणजे? चोरीचा?"

"चोरीचा नाय. मापाचा नाय." त्याने मला वाकून वाचायला लावलं. उजवा टायर जुना, झिजत आलेला, पण त्यावर आकड्यांच्या शेजारी 'एलटी' अशी अक्षरं होती, आणि आठ प्लायची, म्हणजे आठ थरांच्या ताकदीची, खूण होती. डावा टायर नवाकोरा, वीतभर रुंद, दिसायला दणकट. त्याच्यावर ती अक्षरं नव्हतीच. "एलटी म्हंजे माल वाहणाऱ्या गाडीचा टायर. ह्यो डावा जीपचा हाय, मान्सं बसायच्या गाडीचा. ह्याच्यावर पोती टाकाची नसतात. उन्हात तापला का ह्यो आतून सुटतो."

"मग बसला कसा?"

"रिम पंधराची, टायर पंधराचा. बसाला कायपन बसतं सायब."

मी विचारलं की या गाडीचं खरं माप कुठे कळेल. तो चालकाच्या बाजूचं दार उघडून त्याच्या चौकटीच्या खांबाशी वाकला. तिथे कंपनी माहितीची पट्टी लावते, टायर कोणता, हवा किती. पण तिथे नुसता निळा रंग होता, जाड, वरून मारलेला. हवालदाराने खिशातून नाणं काढलं आणि सावकाश खरवडायला सुरुवात केली. दहा-पंधरा मिनिटं तो खरवडत होता आणि मी मागे उभा होतो. रंगाचे पापुद्रे निघत गेले आणि खालून एकेक आकडा वर आला. उजव्या टायरवर होता तोच आकडा. शेवटी तीच दोन अक्षरं.

मी ऑफिसात येऊन न्यायालयाला दिलेलं म्हणणं मागे घेतलं आणि दुसरं दिलं: गाडी तपासासाठी आवश्यक आहे. मग पंच बोलावून गाडीचा नव्याने पंचनामा केला. या वेळी दोन्ही टायरवरचं अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. केबिनमध्ये, उन्हासाठी असलेल्या झडपेच्या मागे, एक चिठ्ठी खोचलेली सापडली. बाजारातल्या गाळ्याच्या छापील कागदाचा कोरा भाग फाडून घेतलेला. त्यावर बॉलपेनने, दाबून, मराठी आकड्यांत लिहिलेलं: २१५-७५-१५. खाली दोन रेघा मारलेल्या. आणि त्याखाली, 'पास झालेला नंबर.'

डाव्या टायरचं माप ते होतं. पंधरा सोडला तर या गाडीचं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकाला बोलावलं. पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, चार गाड्यांचा धनी. चौकशीच्या माझ्या काही सवयी होत्या. माणूस खोटं बोलायची तयारी करून येतो ती प्रश्नांच्या हिशेबाने. प्रश्नच आले नाहीत की त्याची तयारी त्याच्याच अंगावर येते. मी त्याला चहा दिला, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या फायलीत डोकं घातलं. पाच मिनिटं तो चिठ्ठीकडे बघत होता.

"साहेब, तो टायर मी नाय घातला," शेवटी तो स्वतःच म्हणाला.

"मग पास झालेला नंबर म्हणजे काय?"

त्याने आधी हात झटकून पाहिले. मग म्हणाला, "साहेब, आमच्या लाईनीत सगळेच करतात." गाडी जुनी झाली की ठरावीक मुदतीने तिचं आरटीओकडून पासिंग करून घ्यावं लागतं. तिचे टायर झिजलेले होते. नवे घेण्याऐवजी त्याने एजंटाकडून चारही टायर एका दिवसासाठी भाड्याने आणले. गाडी रंगवली, ते टायर लावले, पासिंग झालं, दुसऱ्या दिवशी भाड्याचे परत आणि जुने पुन्हा जागेवर. भाड्याचे टायर कुठल्या गाडीचे होते हे त्याने विचारलंही नव्हतं. चकचकीत होते, बस्स. आणि रंग मारणाऱ्याने दार उघडून खांबावरही फवारा मारला, तेव्हा पट्टी झाकली गेली. एजंट कोण, ते त्याने सांगितलं, पण तो मला पुढेही कधी सापडला नाही. त्याने मोबाईल नंबर बदलला होता आणि टपरी उचलली होती.

चिठ्ठी घेऊन मी रुग्णालयात गेलो. चालक पाठीवर पडून छताकडे बघत होता. मी कागद त्याच्या चांगल्या हातात दिला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला आणि तोंडावर ठेवला.

"दादाचं अक्षर हाय," तो म्हणाला.

त्यानंतर तो बोलायला लागला तो थांबेना. पासिंगच्या दिवशी थोरला भाऊ कामावर खाडा करून मुद्दाम गाडी बघायला आला होता. निळा रंग, चार नवे टायर. "दादा म्हणला, बघ आता कशी दिसतीया. म्हणला, पास केली म्हंजी हाच खरा नंबर. आन् खाली बसून लिवून घेतला. त्याला सवय हुती साहेब, समदं लिवून ठेवायची. दवाखान्याची गोळी, बसचा नंबर, समदं. मला सांगायचं हुतं, दादा, ही टायर भाड्याची हायती. पर त्यो इतका खूश झाला हुता. मला लाज वाटली."

महिन्याभराने थोरल्याला गाडीखाली जुने झिजके टायर दिसले. धाकट्याने थाप मारली की मालकाने चांगले काढून दुसऱ्या गाडीला लावले. थोरला चिडला, मालकाशी बोलतो म्हणाला, धाकटा नको म्हणाला, त्यावरून दोघांचं वाजलं. हीच ती आदल्या दिवसाची वादावादी. पण चिडून बोलला तरी थोरल्याने त्याच संध्याकाळी आपलं काम करून टाकलं. सगळ्यात झिजलेला मागचा डावा होता. त्या मापाचा एक नवा टायर त्याने स्वतः विकत आणला, बाजाराशेजारी पंक्चरवाल्याकडून चढवून घेतला, आणि पुढचा घेताना चूक नको म्हणून चिठ्ठी गाडीत खोचून ठेवली.

मी त्याला टायरचं सांगितलं. मला वाटलं, याच्या छातीवरचा धोंडा उतरेल. तू झोपला नव्हतास, तू प्यायला नव्हतास, गाडी तू पाडली नाहीस, टायर आतून सुटला. मी ते एखादी चांगली बातमी द्यावी तसं सांगितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही माणूस किती मूर्ख राहू शकतो त्याचं हे उदाहरण.

तो म्हणाला, "म्हंजी दादानं आणल्याला टायर."

"हो."

"आन् ती भाड्याची हुती ह्ये म्या लपीवलं."

मी त्याच्या हातातली चिठ्ठी घेऊन लिफाफ्यात ठेवली.

"साहेब," त्याने माझी बाही धरली, "वहिनीला ह्ये सांगू नका. गाडी म्या पाडली, आसंच ऱ्हाऊ द्या. म्या जातो तुरुंगात. दादाच्या हातनं झालं आसं तिला कळाय नगं."

"कागद खोटा करता येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य खरं आहे, पण त्या वेळी ते म्हणताना मला बाहेर निघून जावंसं वाटत होतं.

टायर कुठून घेतला ते त्याला माहीत होतं. तुर्भ्याला ट्रक उभे राहतात त्या बाजूला, एका चाचांचं दुकान. रायगडच्या किनाऱ्याकडचा माणूस, पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत काळे. आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा त्यांनी दोन खुर्च्या आधीच बाहेर मांडल्या होत्या.

"या साहेब. मला वाटलंच होतं तुम्ही येणार. फोन मीच केला."

बाजारात बातमी पसरल्यावर चाचांनी मेलेल्या हमालाचं वर्णन ऐकलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ते ठाण्याच्या आवाराबाहेर येऊन उभे राहिले, कुंपणातून आपला टायर ओळखला आणि घरी जाऊन तीन रात्री झोपले नाहीत.

"नाव का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली. दुसरं काय." मग त्यांनी काळे हात फडक्याला पुसले. "गाडी दारात आली असती ना साहेब, तर मी दिला नसता तो टायर. मी गाडीकडे बघतो, आधीचा टायर बघतो, काय माल भरतात ते विचारतो. जुनी गाडी असली तर दाराचा खांब बघतो. पण हा हमाल माणूस. चिठ्ठी दाखवली, टायर पसंत केला, आणि पोतं उचलावं तसा पाठीवर टाकून चालत निघून गेला. गाडी आलीच नाही. आणि गिऱ्हाईक नंबर लिहून आणतो तेव्हा आम्हाला वाटतं, ह्याला सगळं माहीत आहे. मी विचारलं नाही, कुठल्या गाडीला. तेवढंच विचारायचं राहिलं."

त्यांचा जबाब मी दुकानातच घेतला. सही करताना त्यांनी विचारलं, "माझ्यावर काय कलम लागतं?" मी म्हटलं, विचारलं नाही म्हणून कलम लागत नाही. त्यांना ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं नाही.

पुढचं काम नेहमीचं. मोटार वाहन निरीक्षकाने आमच्या पत्रावरून टायरची नीट तपासणी केली. एकाच धुऱ्यावर दोन वेगवेगळ्या मापांचे आणि वेगवेगळ्या ताकदीचे टायर. डावा टायर त्या वजनासाठी नाही. माल क्षमतेहून जास्त. उष्णतेने टायर फुटल्याची शक्यता. रक्ताच्या नमुन्यात दारू निघाली नाही. चालकाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल गेला, आणि नादुरुस्त गाडी रस्त्यावर आणून जादा माल भरायला लावल्याबद्दल मालकावर दोषारोपपत्र.

कार्य उरकून मयताची बायको गावाहून परत आली आणि थेट ठाण्यात आली. दिराला सोडल्याचं तिला कळलं होतं. ती भांडायलाच आली होती. मी तिला बसवलं आणि टायरचं सांगायला सुरुवात केली. ती मधेच म्हणाली, "टायर नवा हुता साहेब. ह्यांनीच आणला हुता. मला दावला बी न्हाई, नुसतं सांगितलं. म्हणलं, आता भ्या न्हाई, आता मी सोता बसून जाईन त्याच्या गाडीत. एरवी ह्ये त्या गाडीत कधी बसायचं न्हाईत."

माझ्या समोरच्या कागदावर हे वाक्य नव्हतं. माल उतरवायला तो सोबत गेला एवढंच मला ठाऊक होतं, त्या गाडीत बसायला धजला का, हे तोवर ठाऊकच नव्हतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. दिराने नको म्हणून हात जोडले होते, तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एकच विचारलं, "भावजींना ठावं हुतं?"

"टायर भाड्याचे होते हे माहीत होतं. माप चुकीचं आहे हे माहीत नव्हतं."

तिने मान हलवली. रडली नाही. मग चिठ्ठी बघायला मागितली. मी लिफाफ्यातून काढून दाखवली. तिने तिला हात लावला नाही, नुसती वाकून बघत राहिली.

"ही मला द्याल का?"

"खटला संपेपर्यंत देता येणार नाही. मुद्देमाल आहे."

"ह्यांचं अक्षर हाय," ती म्हणाली. "बाकीच्या चिठ्ठ्या काम झालं की ह्ये फाडून टाकायचं. घरात ह्यांच्या हातचं लिवल्यालं दुसरं काय न्हाई."

खटला चालला. मालकाला दंड झाला. तो त्याने भरला आणि गाडी भंगारात घातली. अपिलाची मुदत उलटून न्यायालयाचा आदेश येईपर्यंत मी दुसऱ्या ठाण्यात बदलून गेलो होतो, पण त्या एका कामासाठी मी मुद्दाम आलो आणि मुद्देमाल कारकुनाकडून तो लिफाफा घेतला. मयताची बायको वेळेवर आली. चिठ्ठी पिशवीत न ठेवता तिने कनवटीला लावली. खिडकीतून मला फाटकाबाहेर तिचा दीर उभा असलेला दिसला. खांदा एका बाजूला थोडा उतरलेला.

"आत का नाही येत?"

"न्हाई येत. लाजतुया."

"तुम्ही बोलता त्याच्याशी?"

"बोलत न्हाई," ती म्हणाली. "पर ताट वाढती."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी आधी साधी गोष्ट सांगतो. जुनी पिकअप असेल तर तिच्या अंगावर आज जो टायर आहे त्याचा नंबर बघून नवा घेऊ नका. तो कोणी, कशासाठी, कुठून आणून बसवलाय हे तुम्हाला माहीत नसतं. दाराच्या खांबावर बघा, रंग असला तर खरवडा, गाडी दुकानात घेऊन जा. माप जुळलं तरी वजनाची अक्षरं जुळतात का ते बघा. टायर बसला, एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट मी सहसा सांगत नाही. त्या म्हाताऱ्याने फोन केला नसता तर दुसऱ्या दिवशी गाडी गेली असती, आणि स्वतःच्या भावाला मारल्याची कबुली देणाऱ्या त्या माणसाचं म्हणणं मी खरं मानून फाईल बंद केली असती. 'मागील डाव्या बाजूचा टायर फुटलेल्या स्थितीत.' नोकरीत मी हे वाक्य किती पंचनाम्यांत लिहिलं ते मोजलेलं नाही. त्या सगळ्या फायली आता कुठल्यातरी अभिलेख कक्षात गठ्ठ्यात बांधून पडल्या आहेत. त्यातल्या किती चालकांनी माझ्यासमोर मान खाली घालून सही केली, आणि त्यातल्या किती जणांच्या गाडीवरचा टायर त्या गाडीच्या मापाचाच नव्हता, हे आता कोणी सांगू शकणार नाही. मी त्यांच्यापैकी एकालाही टायरवर काय लिहिलंय ते विचारलं नव्हतं.